कटगुणच्या मुळाचे जोतीराव आणि गंज पेठेतला हौद

पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव फुले यांचा वाडा आहे. त्या घरचा पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला झाला. शाळेच्या पुस्तकात या घटनेला जेमतेम एक ओळ मिळते. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, महात्मा ही पदवी, या मोठ्या गोष्टींत हौद मागं पडतो.

पण हे घराणं ज्या खटाव तालुक्यातून गेलं, तिथल्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. शिमगा झाला की विहिरी तळ गाठतात. घरात चार हंडे पाणी भरून असणं म्हणजे काय, हे इथल्या बायामाणसांना विचारावं. अशा मुलखात मुळं असलेल्या माणसानं घरचं पाणी दुसऱ्यांसाठी मोकळं का केलं, आणि पुढं आयुष्यभर त्यानं पाण्याचा विषय कसा सोडला नाही, त्याची ही हकीकत.

कटगुण, खानवडी, पुणे

फुले घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांच्या पणजोबांकडे गावची चौगुलकी होती. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा वतनदार. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचा तंटा झाला, तो विकोपाला गेला आणि या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. तिथून ते पुरंदर तालुक्यात खानवडीला आले. आजोबा शेटीबा यांच्या काळात तिथंही परिस्थिती खालावली आणि घर पुण्याला हललं.

शेटीबांना तीन मुलगे होते. राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पुण्यात या तिघांनी फुलांचा धंदा शिकून घेतला. हार, गजरे, फुलांच्या गाद्या करण्यात त्यांचा हात इतका बसला की पेशव्यांच्या वाड्यात त्यांचा माल जाऊ लागला. पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते याच धंद्यामुळं. पुढं ही इनाम जमीन थोरल्या राणोजीनं आपल्याकडंच ठेवली आणि गोविंदरावांना स्वतःच्या हिमतीवर मळा आणि दुकान उभं करावं लागलं.

गोविंदराव आणि चिमणाबाई यांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. आई ते तान्हे असतानाच गेली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईनं त्यांना वाढवलं. १८४० मध्ये त्यांचं लग्न झालं. नवरी सातारा जिल्ह्यातलीच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावची सावित्रीबाई. नवरा तेरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची.

पोरगा थोडं लिहायला-वाचायला शिकल्यावर गोविंदरावांनी त्याला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचं, असंच त्या वेळी आजूबाजूचे सांगत. पण शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांना गाठून समजावलं. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. म्हणजे खुरपं आणि पाटी, दोन्ही या माणसाच्या हातातून गेलेलं होतं. मळ्याला पाणी धरणारा पोरगा होता तो. पाणी कुठं तुंबतं आणि कुठं पोहोचत नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुण्याचे हौद कुणाचे होते

जोतीरावांच्या हौदाची गोष्ट कळायची तर आधी पुण्याच्या पाण्याची गोष्ट कळायला हवी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं गेलं. जमिनीखालून बांधीव नळ काढला होता. पाणी नुसत्या उतारानं यायचं. वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवले होते. हे पाणी शनिवारवाड्यात जायचं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पुण्यात आजही पत्ता सांगताना घेतली जातात. त्या काळच्या मानानं हे काम फार मोठं होतं. ते बांधणाऱ्यांच्या अकलेला दाद द्यायलाच हवी.

पण पाणी पेठेत आलं म्हणजे ते पेठेतल्या प्रत्येकाला मिळालं, असं नव्हतं. महार, मांग, चांभार यांना सार्वजनिक हौदाला शिवायची बंदी होती. त्यांच्या घागरीचा स्पर्श झाला तर सगळा हौद बाटला, असं मानलं जायचं. मग हौदापासून लांब उभं राहायचं, कुणाला दया येईल याची वाट पाहायची आणि त्यानं वरून ओतलेलं पाणी मडक्यात धरायचं. नाही आली कुणाला दया, तर ओढ्या-नाल्याचं पाणी. गावोगावच्या आडावर आणि पाणवठ्यावर हीच रीत होती.

पेशवाई १८१८ मध्ये गेली. इंग्रजांचं राज्य आलं. कायदा सगळ्यांना सारखा, असं कागदावर आलं. पण पाणवठ्यावरचा कायदा काही बदलला नाही.

शाळेपायी घर सुटलं

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव गेले आणि तिथं जातीवरून त्यांचा अपमान झाला. घरी येऊन त्यांनी वडिलांना सांगितलं. गोविंदरावांनी पेशवाईतल्या रिती बघितलेल्या होत्या, त्यांना यात नवल वाटलं नाही. जोतीरावांना मात्र ते लागलं. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. आपल्याला जर असं हाकलतात, तर आपल्या खाली ज्यांना ठेवलंय त्यांचं काय होत असेल?

त्याच वर्षी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला दुसरी बाई मिळेना म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना शिकवून तयार केलं. पुढं महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. लोकांनी गोविंदरावांवर दबाव आणला. धंदा फुलांचा, गिऱ्हाईक बामणवाड्यांतलं, जातीचा धाक वेगळाच. शेवटी म्हाताऱ्यानं पोराला आणि सुनेला सांगून टाकलं की शाळा सोडा नाहीतर घर सोडा. १८४९ मध्ये दोघांनी घर सोडलं.

शाळा वाढत गेल्या. १८५२ मध्ये इंग्रज सरकारनं विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार केला. १८५५ मध्ये कामकरी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. त्यांना ठार मारायला मारेकरीही घातले गेले. त्यातला एकजण पुढं त्यांचा रखवालदार झाला आणि दुसरा शिकून त्यांच्या कामात सामील झाला. १८६३ मध्ये त्यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. बाळंत व्हा आणि बाळ इथं ठेवून जा, कुणी काही विचारणार नाही, असा तो आसरा होता.

१८६८

१८६८ मध्ये गोविंदराव वारले. त्याच साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

शाळेपेक्षा हे पाऊल जास्त अवघड होतं. महार-मांगांच्या मुलांना शिकवून आलेला माणूस संध्याकाळी अंघोळ करून, कपडे बदलून आपल्या जातीत परत जाऊ शकत होता. जात कुरकुर करायची, पण वाट अगदी बंद नव्हती. पाण्याचं तसं नव्हतं. ज्या हौदात महाराची घागर बुडली, त्याच हौदाचं पाणी घरात प्यायला, स्वयंपाकाला येणार. म्हणजे हौद खुला केला त्या दिवसापासून, त्या काळच्या हिशेबानं, सगळं घरच बाटलं. घरचं पाणी कुणी पिणार नाही, पंगतीला कुणी बसणार नाही, सोयरीक कुणी करणार नाही. परत फिरायची वाटच राहत नव्हती.

दुसरी गोष्ट मालकीची. पेठेतले हौद सार्वजनिक होते, पण त्यांचा कारभार आणि दरारा दुसऱ्यांचा होता. तिथं जोतीरावांनी कितीही सांगितलं असतं तरी ऐकलं कुणी नसतं. सरकारकडं अर्ज केला असता तर तो वर्षानुवर्षं फिरला असता. घरचा हौद मात्र त्यांचा स्वतःचा होता. त्याच्यासाठी ना ठराव लागला, ना मंजुरी. जे आपल्या हातात आहे तिथून सुरुवात करायची, ही त्यांची कामाची पद्धतच होती. शाळेला मास्तरीण मिळेना तर घरची बाई शिकवली. हौद मिळेना तर घरचा दिला.

इथं त्यांनी फक्त पाणी वाढलं नाही, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. घागर भरून लांबून ओतणारे दयाळू लोक त्या काळीही होते. त्यात देणारा वर आणि घेणारा खाली, हे तसंच राहायचं. हौद खुला करणं म्हणजे ज्याला तहान लागली त्यानं स्वतः यायचं, स्वतःच्या हातानं भरायचं आणि मान वर करून जायचं. सावित्रीबाईंचा यातला वाटा विसरून चालणार नाही. घरातलं पाणी बाईच्या हातात असतं. तिची तयारी नसती तर हौद दोन दिवसही खुला राहिला नसता.

धरणाचं काम आणि मोठा दुष्काळ

जोतीराव नोकरीवर कधी पोट भरत बसले नाहीत. शेती होती, भाजीपाला होता आणि ठेकेदारी होती. खडकवासल्याचं धरण उभं राहत होतं त्या कामाला त्यांनी माल पुरवला. येरवड्याच्या पुलाच्या आणि कात्रजच्या बोगद्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. धरण कसं बांधतात, मजूर कसा राबतो, त्याची मजुरी मधल्यामध्ये कुठं गळते, हे सगळं त्यांनी कामावर उभं राहून बघितलं. धरणाचा कालवा निघाल्यावर मांजरीला त्यांनी पाटाच्या पाण्यावर बागायत केली.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. तीनच वर्षांत मोठा दुष्काळ पडला. १८७६-७७ चा हा दुष्काळ दख्खनवर आला तसा सातारा जिल्ह्याचा पूर्व भागही त्यात होरपळला. गुरं मेली, माणसं गावं सोडून निघाली. सत्यशोधक मंडळींनी वर्गणी जमवून अन्नछत्रं घातली. पुण्याजवळ धनकवडीला लहान मुलांसाठी बालाश्रम उघडला. सावित्रीबाई त्या दिवसांत जुन्नर भागात ओतूरला गेल्या आणि तिथली हालहवाल त्यांनी पत्रानं जोतीरावांना कळवली.

त्याच सुमारास, १८७६ ते १८८२ या काळात, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेनं स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचं ठरवलं. ३२ सदस्यांच्या सभेत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव मंजूर झाला, पण त्यांचं मत नोंदलं गेलं.

आसूडातलं पाणी

१८८३ मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. त्यात शेतकऱ्याच्या दुर्दशेचं वर्णन आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण उपाय काय सांगितलेत, तो भाग कमी वाचला जातो. त्यातला मोठा वाटा पाण्याचा आणि मातीचा आहे.

पावसाचं पाणी शेतातली माती आणि खत घेऊन ओढ्याला जातं, ते अडवायला ताली आणि बंधारे घाला, असं ते सांगतात. पाणी आधी शेतात मुरलं पाहिजे आणि मग ओढ्याला गेलं पाहिजे. सरकारच्या पलटणीतले शिपाई आणि पोलीस रिकामे असतात तेव्हा त्यांना या कामाला लावा, अशी त्यांची सूचना आहे. तलाव-तळ्यांची दुरुस्ती करा. तळ्यातला गाळ शेतकऱ्याला पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्या. पाणाड्यांकडून झऱ्यांच्या जागा शोधून नकाशावर खुणा करा आणि विहिरी खोदणाऱ्या गरीब शेतकऱ्याला बक्षीस द्या.

धरणाच्या पाण्याबद्दल त्यांचा राग मोठा आहे. पाटबंधारे खात्याचे कामगार शेतकऱ्याकडून पट्टी वसूल करतात, पण पाणी वेळेवर पोहोचलं का हे बघत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं की धरणाचं पाणी नळातून न्या, शेतकऱ्याच्या जमिनीला तोट्या करून द्या आणि ज्याला जेवढं लागेल तेवढं द्या.

हे वाचताना आजच्या शेतकऱ्याला दीडशे वर्षांपूर्वीचं काही वाचतोय असं वाटत नाही. पाणलोट, गाळमुक्त तलाव, बंद नळातून पाणी, ही सगळी नावं आता योजनांना आहेत. हौदापासून तोटीपर्यंत त्यांचा विचार एकाच अंगानं गेला. पाणी साठवलं की काम संपलं, असं त्यांना वाटत नव्हतं. शेवटच्या माणसाच्या घागरीत आणि शेवटच्या शेताच्या सरीत ते पडलं का, हे ते बघत होते.

शेवटची वर्षं

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले. दागदागिने घालून बसलेल्या मंडळींत त्यांनी खरा शेतकरी कसा दिसतो हे राजघराण्यातल्या पाहुण्याला दाखवलं. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात जमलेल्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

लगेच काही महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हातानं लिहायला शिकून सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केलं. ते त्यांच्या मागं, १८९१ मध्ये छापलं गेलं. धंदा बसला होता, ठेकेदारीत मिळवलेला पैसा कामात संपला होता. औषधपाण्याचीही ओढाताण झाली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपलं शरीर जाळू नये, घरामागं खड्डा घेऊन मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावं लागलं. टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तक मुलगा यशवंत याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढं झाल्या आणि टिटवं धरून चालल्या. अस्थी त्याच वाड्याच्या आवारात ठेवल्या गेल्या. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या.

हौदानंतर

एका घरचा हौद खुला झाला म्हणून मुलूख बदलला नाही. याचा पुरावा खटाव तालुक्यातच आहे. १९०१ च्या सुमारास दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून तालुक्यातल्या गोरेगावला सरकारी तलावाचं खोदकाम चाललं होतं. तिथं रोखपाल असलेल्या रामजी आंबेडकरांना भेटायला त्यांची मुलं साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, पण रात्रभर त्या पोरांना कुणी प्यायला पाणी दिलं नाही. सोबत जेवण होतं, पाण्याविना ते खाता आलं नाही. त्यातला एक मुलगा म्हणजे भीमराव. बाप तलावाच्या कामावर, आणि त्याच तलावाकडं जाणाऱ्या वाटेवर पोरगा तहानलेला.

पुढं ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचं सरकारनं मान्य केलं. जोतीरावांच्या हौदाला तेव्हा ५५ वर्षं झाली होती. ठराव झाला तरी पाणी मिळेना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यावरचा कोर्टातला वाद १९३७ पर्यंत चालला. जोतीरावांना बाबासाहेबांनी आपल्या गुरूंमध्ये मानलं, ते उगीच नाही.

आज खटाव-माणमध्ये उरमोडीचं पाणी आलंय, जिहे-कठापूरचं पाणी आलंय. आवर्तन सुटलं की हेडच्या मळ्यात ऊस डोलतो आणि टेलचा शेतकरी चारीकडं बघत बसतो. उन्हाळ्यात टँकर आला की आधी कुणाची भांडी लागतात आणि शेवटी कुणाची, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ११ एप्रिलला कटगुणला हार घालायला गर्दी होते, ती व्हायलाच पाहिजे. पण ज्याच्या बोअरला चांगलं पाणी आहे, त्यानं त्या दिवशी आपल्या बांधाबाहेर एक तोटी काढली आणि ती वर्षभर चालू ठेवली, तर गंज पेठेतल्या हौदाची ती खरी आठवण होईल. त्याला अजूनही कुणाची मंजुरी लागत नाही.